‘इंजेक्ट’ लिहिण्याआधी यादी लिहायला शिकवा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

जावा भाषेत वेब सर्व्हिस कशी लिहावी यावर आपल्या साप्ताहिक तंत्रज्ञान पुरवणीत सुरू असलेली लेखमाला मी पहिल्या भागापासून वाचतो आहे. मराठी दैनिकाने असा विषय हाती घ्यावा आणि वाचकाला घरी टंकून चालवून पाहता येईल असा कोड चौकटीत छापावा, याचे मला कौतुक वाटते. तरीही ताज्या भागात डिपेन्डन्सी इंजेक्शनची (क्लासला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः तयार न करता बाहेरून देण्याच्या पद्धतीची) जी ओळख करून दिली आहे, तिच्याविषयी लिहिणे भाग आहे. कारण गेली १७ वर्षे मी पुण्यात याच कामावर पोट भरतो आणि या एका विषयात नवशिक्यांची होणारी फसगत वारंवार पाहतो. लेखाचा सारांश असा, की क्लासमधल्या फील्डच्या, म्हणजे वस्तू ठेवण्याच्या जागेच्या, डोक्यावर ‘इंजेक्ट’ हे ॲनोटेशन (एक प्रकारची खूण) लिहावे, म्हणजे लागणारी वस्तू फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आपण कोड लिहितो तो, आपोआप आणून देतो. हे खोटे नाही. पण ही शिकण्याची शेवटची पायरी आहे, आणि लेखात ती पहिली म्हणून आली आहे.

गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीतील, संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी लॅपटॉप आणि आपल्या पुरवणीचे कात्रण घेऊन घरी आली. “काका, सर्व्हर नीट सुरू होतो, कुठे लाल अक्षर नाही, पण ब्राउझरमधून मागवलं की ५०० येतं,” ही तिची तक्रार. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडले. लॉग उघडला तर नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे जागेत वस्तूच नसताना ती वापरल्याची चूक. चौकटीतला कोड तिने जसाच्या तसा उतरवला होता: जर्सी या वेब सर्व्हिससाठीच्या फ्रेमवर्कवरचा एक रिसोर्स क्लास (विनंती घेऊन उत्तर देणारा), त्यात पुस्तकांची यादी देणाऱ्या सर्व्हिसचे एक फील्ड, त्यावर इंजेक्ट, आणि सर्वांत वर ‘जावाएक्स डॉट इंजेक्ट’ या पॅकेजचा इम्पोर्ट (इंजेक्ट कोठून घ्यायचे हे सांगणारी ओळ). मात्र तिने डाउनलोड केलेली जर्सी तिसऱ्या मालिकेतील होती, आणि त्या मालिकेपासून जर्सी ‘जकार्ता डॉट इंजेक्ट’ या पॅकेजमधलेच इंजेक्ट ओळखते. जुन्या नावाची जार (तयार कोडची फाइल) प्रोजेक्टमध्ये असल्यामुळे कम्पायलरला काही वावगे दिसले नाही. जर्सीच्या लेखी मात्र तो परक्या कचेरीचा शिक्का होता; तिने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि फील्ड रिकामेच राहिले.

इम्पोर्टची चूक मी तिला लगेच सांगितली नाही. फील्डवरचे इंजेक्ट काढ, क्लासला एक कन्स्ट्रक्टर (वस्तू तयार होताना चालणारा कोड) दे, सर्व्हिस त्याच्या कंसात माग आणि ते इंजेक्ट कन्स्ट्रक्टरवर लाव, एवढेच सांगितले. पुन्हा चालवल्यावर चूक तीच होती, पण संदेश बदलला: या क्लाससाठी योग्य कन्स्ट्रक्टर सापडत नाही, असे जर्सीने क्लासचे नाव घेऊन सांगितले. आता कुठे बोट ठेवायचे ते कळत होते. मी इंजेक्ट तर लिहिले आहे, मग जर्सीला ते दिसत का नाही, हा प्रश्न तिला स्वतःलाच पडला आणि चहा संपण्याच्या आत तिने इम्पोर्ट पकडला.

हे दोन पॅकेजांचे प्रकरण नव्या मुलांना गोंधळात टाकते, म्हणून थोडक्यात सांगतो. ओरॅकलने २०१७ साली जावा ईई हा मोठ्या व्यावसायिक प्रणालींसाठीचा संपूर्ण संच एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवण्याचे ठरवले. पण ‘जावाएक्स’ हे नाव वापरून पुढचे बदल करण्याची मुभा काही दिली नाही. परिणामी २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये (हे त्याच संचाचे नवे नाव) सगळ्या पॅकेजांची नावे बदलली गेली. कोड तोच, आडनाव नवे. इंटरनेटवरची आणि पुस्तकांतली बहुतेक उदाहरणे मात्र जुन्या आडनावानेच हिंडत आहेत. आपल्या लेखकांकडून हेच झाले असावे, आणि यात त्यांना फार दोष देता येणार नाही.

आता मूळ मुद्दा. लेखात डिपेन्डन्सी इंजेक्शनला ‘अवलंबित्व अंतःक्षेपण’ असा प्रतिशब्द दिला आहे. आमच्या कामात कोणीही असे म्हणत नाही, आणि म्हटले तरी समोरच्याला काही कळणार नाही. घरच्या कार्याचे उदाहरण घेतले तर अर्थ चटकन लागतो. लग्नघरी आचारी येतो तो स्वतः किराणा आणत नाही. तो यजमानाला यादी लिहून देतो: एवढी तूरडाळ, एवढा गूळ, एवढे तेल, काजू तुकडा चालेल, बासमती नको आंबेमोहर हवा. माल यजमान आणतो आणि कोठीत भरतो, कोठीवर बसलेला माणूस यादीबरहुकूम काढून देतो, आणि आचारी फक्त स्वयंपाक करतो. गूळ कोणत्या दुकानातून आला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. जावातल्या क्लासचा कन्स्ट्रक्टर ही त्याची यादी असते. जर्सीचा एचके-२, स्प्रिंग या दुसऱ्या फ्रेमवर्कचा कंटेनर (वस्तू तयार करून जोडून देणारा भाग) किंवा गूगलचा ज्यूस हे कोठीवाले होत. आणि नवी वस्तू तयार करणारा ‘न्यू’ हा शब्द क्लासच्या पोटात जागोजागी लिहिणे म्हणजे आचाऱ्याने ऐन पंगतीच्या वेळी पिशवी घेऊन बाजार गाठणे.

फील्डवर इंजेक्ट लिहिण्याला माझा आक्षेप येथेच आहे. त्यात माल मिळतो, पण यादी कोणाला दिसत नाही. क्लास बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की याला काहीच लागत नाही, रिकामा कन्स्ट्रक्टर आहे, बिनधास्त तयार करावा. आणि तयार केल्यावर तो पहिल्याच कामाला कोसळतो. कन्स्ट्रक्टरमध्ये मागितले तर ज्या वस्तूंवाचून अडणार आहे त्या दिल्याशिवाय क्लास जन्मालाच येत नाही. शिवाय ते फील्ड ‘फायनल’ करता येते, म्हणजे मागाहून कोणी गुपचूप बदलण्याची सोय राहत नाही. स्प्रिंगच्या कर्त्यांचा अधिकृत सल्लाही अनिवार्य गोष्टी कन्स्ट्रक्टरमधून घ्याव्यात असाच आहे, आणि २०१६ च्या ४.३ या आवृत्तीपासून क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर ‘ऑटोवायर्ड’ हे स्प्रिंगचे इंजेक्टसारखे ॲनोटेशन लिहिण्याचीही गरज उरलेली नाही. फील्डवर लिहिले की टंकणे वाचते, हा युक्तिवाद तेव्हापासून लंगडा झाला आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये नऊ-नऊ गोष्टी मागाव्या लागतात आणि ते वाईट दिसते, अशीही तक्रार ऐकू येते. वाईट दिसते ते दिसायलाच हवे. नऊ गोष्टी मागणारा क्लास तीन क्लासांचे काम एकटा करत असतो.

सर्व्हिस, रिपॉझिटरी (साठवलेली माहिती आणून देणारा क्लास) अशा भारदस्त नावाच्या वस्तूच तेवढ्या बाहेरून घ्यायच्या असतात, असाही समज लेख वाचून होतो. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त छळणारी, न मागता वापरलेली वस्तू म्हणजे आजची तारीख. काही वर्षांपूर्वी आम्ही एका पतसंस्थेसाठी वेब सर्व्हिस लिहीत होतो. थकलेल्या कर्जहप्त्यावरचा दंड, आर्थिक वर्षअखेरची व्याज आकारणी, मुदतठेवीची मुदत संपण्याचा दिवस, या सगळ्या हिशेबांत आम्ही मेथडच्या (क्लासमधले एकेक काम करणाऱ्या कोडच्या) पोटातच आजची तारीख देणारे ‘लोकलडेट डॉट नाऊ’ लिहून मोकळे झालो होतो. ३१ मार्चचा हिशेब तपासायचा तर ३१ मार्चची वाट पाहायची किंवा चाचणीच्या सर्व्हरचे घड्याळ पुढे करायचे, एवढेच दोन मार्ग उरले. आम्ही दुसरा पत्करला. एकदा ते घड्याळ मागे घ्यायचे राहून गेले आणि दोन दिवस चाचणीचे सगळे एसएमएस पुढच्या आर्थिक वर्षातले येत राहिले. खरे सभासद त्यात नव्हते, एवढेच सुदैव.

यावरचा उपाय जावाच्या घरातच होता. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ पासून ‘क्लॉक’ नावाचा क्लास आहे, आणि ज्या मेथडला चालू वेळ लागते तिला क्लॉक बाहेरून द्यावे, डिपेन्डन्सी इंजेक्शन हा त्याचा एक मार्ग आहे, असे त्याच्या अधिकृत माहितीतच लिहिले आहे. आम्ही दंड मोजणाऱ्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कर्जखात्यांची रिपॉझिटरी, एसएमएस पाठवणारा इंटरफेस आणि क्लॉक अशा तीन गोष्टी मागितल्या. प्रत्यक्ष सर्व्हरवर भारतीय वेळेचे खरे घड्याळ दिले. चाचणीत ‘क्लॉक डॉट फिक्स्ड’ वापरून थांबवलेले घड्याळ दिले, आणि एसएमएसच्या जागी आलेले संदेश नुसते एका लिस्टमध्ये टाकणारा दहा ओळींचा खोटा क्लास दिला. २९ फेब्रुवारी, ३१ मार्च, हप्त्याच्या दिवशी आलेला रविवार, असे सगळे दिवस मग एका सेकंदात तपासून होऊ लागले. यात ध्यानात घेण्याजोगे हे, की त्या चाचण्यांत कोणताही कंटेनर नव्हता. साधे ‘न्यू’ लिहून, कंसात तीन वस्तू हातांनी दिल्या होत्या. हेही डिपेन्डन्सी इंजेक्शनच आहे, किंबहुना खरे तेच. कंटेनर ही मागाहून आलेली सोय.

इतिहासही याला दुजोरा देतो. स्प्रिंग येण्याआधी एंटरप्राइज जावात (म्हणजे जावा ईईच्या जगात) डेटाबेसचे कनेक्शन हवे असेल तर प्रत्येक क्लास जेएनडीआय नावाच्या नोंदवहीत स्वतः जाऊन नाव शोधत असे. रॉड जॉन्सन यांनी २००२ साली या बोजड पद्धतीवर पुस्तक लिहिले आणि त्यासोबत दिलेल्या कोडमधून पुढे स्प्रिंग उभे राहिले. डिपेन्डन्सी इंजेक्शन हे नाव रूढ झाले ते सॉफ्टवेअरविषयी लिहिणारे मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ च्या लेखामुळे, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये स्प्रिंगची पहिली आवृत्ती आली. त्यात ॲनोटेशन नव्हतीच. ज्या जावा ५ मध्ये ती आली, तीच मुळी त्या वर्षाच्या उत्तरार्धातली. तेव्हा कोणत्या क्लासला काय द्यायचे हे एक्सएमएल फायलीत लिहावे लागे. ते कंटाळवाणे होते खरे, पण जोडणी कुठे होते हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. गूगलचे ज्यूस २००७ मध्ये आले आणि २००९ मध्ये ज्यूसचे बॉब ली व रॉड जॉन्सन यांच्या पुढाकाराने जेएसआर ३३० हे सामाईक प्रमाण ठरले. अख्ख्या प्रमाणात पाच ॲनोटेशन आणि ‘प्रोव्हायडर’ नावाचा एक इंटरफेस, एवढाच ऐवज आहे. आपल्या लेखातले इंजेक्ट हे त्या पाचांपैकी एक.

त्या पाचांत ‘सिंगलटन’ही (वस्तू एकच ठेवा असे सांगणारे) आहे, आणि लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही. वस्तू कोण देतो याच्याइतकेच ती किती काळ जगते हे महत्त्वाचे असते, आणि हे न कळल्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली आहे. जर्सी ज्या जॅक्स-आरएस प्रमाणावर चालते, त्यात रिसोर्स क्लासची वस्तू मुळात प्रत्येक विनंतीला नवी तयार होते आणि उत्तर गेले की टाकून दिली जाते. स्प्रिंगमध्ये कंट्रोलर (तेथला रिसोर्स क्लास) मुळात एकच असतो आणि सर्व्हर चालू आहे तोवर सर्व विनंत्या तोच हाताळतो. वर सांगितलेल्या पतसंस्थेची सर्व्हिस आम्ही पुढे जर्सीवरून स्प्रिंगवर नेली. जुन्या रिसोर्स क्लासमध्ये मी सभासद क्रमांक एका फील्डमध्ये ठेवत होतो. मेथडच्या सुरुवातीला भरायचा आणि पुढच्या तीन-चार खासगी मेथडनी तो तिथून वाचायचा. जर्सीवर हे वर्षानुवर्षे निर्धास्त चालले, कारण प्रत्येक विनंतीची वस्तू वेगळी होती. मी ॲनोटेशन तेवढी बदलली, चाचण्या हिरव्या झाल्या, आणि काम फत्ते समजलो.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी, खिडकीवर गर्दी असताना, एका आजोबांच्या पासबुकावर त्यांनी कधीच न भरलेल्या ४,२५० रुपयांच्या हप्त्याची ओळ छापली गेली. ती रक्कम शेजारच्या खिडकीवर त्याच क्षणी भरली जात होती. दोन विनंत्या, दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आणि मधे एकच फील्ड: दुसऱ्या विनंतीने सभासद क्रमांक बदलला आणि पहिलीने तो वाचला. डेटाबेसमध्ये काही चुकले नव्हते, छपाईच तेवढी चुकली होती, तरी त्या आजोबांचा विश्वास बसायला व्यवस्थापकांना अर्धा तास लागला. चाचण्या एकामागून एक चालत असल्यामुळे त्यांत हे दिसणे शक्यच नव्हते. दुरुस्ती दोन ओळींची होती: फील्ड काढून टाकले आणि क्रमांक मेथडमेथडमधून पॅरामीटर म्हणून दिला. दोष फ्रेमवर्कचा नव्हता. कोठीवाला बदलला की त्याचे नियमही बदलतात, हे मी विचारले नव्हते.

याच अंगाने प्रोव्हायडरचे कामही समजते. दीर्घकाळ जगणाऱ्या वस्तूला अल्पजीवी वस्तू एकदाच कन्स्ट्रक्टरमध्ये दिली, तर ती शिळी होऊन आत पडून राहते. पाच दिवसांच्या कार्याला गूळ एकदम भरता येतो, दूध भरता येत नाही. ते रोज सकाळी मागवावे लागते. यादीत दुधाऐवजी गवळ्याचे नाव लिहावे, तसे तेथे वस्तूऐवजी तिचा प्रोव्हायडर मागावा आणि लागेल तेव्हा त्याच्याकडून ताजी घ्यावी.

एवढे सगळे एका पानात बसणार नाही, हे मला कळते. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. आमच्याकडे नोकरीसाठी येणाऱ्या मुलांना मी हमखास एक प्रश्न विचारतो: कंटेनर नाही असे समजा आणि हे तीन क्लास मेन मेथडमध्ये एकमेकांना जोडून दाखवा. बायोडेटावर स्प्रिंग बूट ठळक अक्षरांत लिहिलेली मुले येथे थबकतात. “सर, ऑटोवायर्ड लिहिलं की होतं ना ते,” असे एकाने मला अगदी निरागसपणे सांगितले होते. मुलगा हुशार होता. त्याला कोणी ती जोडणी हातांनी करायला लावलीच नव्हती. पंचेचाळीस दिवसांत फुल स्टॅक शिकवणाऱ्या शिकवण्यांकडून ही अपेक्षा करणे कदाचित जास्त होईल, पण वृत्तपत्रातल्या लेखमालेला घाई कशाची आहे?

मी लेखक असतो तर ड्रॉपविझार्डपासून सुरुवात केली असती. आत जर्सीच असलेल्या या फ्रेमवर्कमध्ये ‘रन’ नावाची एक मेथड असते आणि तिच्यात रिपॉझिटरी तयार कर, ती सर्व्हिसला दे, सर्व्हिस रिसोर्सला दे, रिसोर्सची नोंदणी कर, असे सगळे उघड्यावर लिहिले जाते. पंधरा-वीस ओळींत अख्ख्या सर्व्हिसचा नकाशा दिसतो. त्यानंतर त्याच ओळी जर्सीच्या बाइंडरमध्ये कशा जातात ते दाखवावे: ‘हा इंटरफेस कोणी मागितला तर हा क्लास द्या’ या आशयाची प्रत्येकी एक ओळ. यात एक खाचखळगा आहे तो आधीच सांगून टाकावा, की २.२६ या आवृत्तीपासून एचके-२ जर्सीच्या गाभ्यातून वेगळा काढलेला आहे. त्याची ‘जर्सी-एचके-२’ ही जार वेगळी घालावी लागते, नाहीतर सर्व्हर सुरू होतानाच इंजेक्शन मॅनेजर फॅक्टरी सापडली नाही म्हणून अडून बसतो. स्प्रिंग सर्वांत शेवटी घ्यावे. तोवर वाचकाला कळलेले असेल की स्प्रिंग काय-काय आपल्या वतीने करते, आणि ट्रान्झॅक्शन, क्लासांचा आपोआप शोध, वेगवेगळ्या परिस्थितींसाठी वेगळी जोडणी यांसाठी ते खरोखर का हवेसे वाटते. मी स्वतः रोज स्प्रिंगच वापरतो. कंटेनरशी माझे वैर नाही.

पुढील अंकात जागा होणार असेल तर निदान एक छोटी दुरुस्ती छापावी, ही विनंती. चौकटीतला कोड जर्सीच्या दुसऱ्या मालिकेसाठी आहे हे स्पष्ट करावे, तिसऱ्या मालिकेसाठी इम्पोर्ट ‘जकार्ता’ने सुरू होतात हे सांगावे, आणि शक्य झाल्यास फील्डवरचे इंजेक्ट कन्स्ट्रक्टरवर हलवून तो कोड पुन्हा द्यावा. चौकट फार तर चार ओळींनी वाढेल. आमच्या सोसायटीतल्या मुलीने आपली प्रत पेनाने दुरुस्त करून कात्रण वहीत चिकटवले आहे. बाकीच्या वाचकांच्या हाती छापील दुरुस्ती पडलेली बरी.

आपला नियमित वाचक,
एक संगणक अभियंता, पुणे